‘आगामी’ : चित्रपटगृहाच्या एका फलकाचा अभ्यास

(तृतीय वर्ष, कला)

आमच्या महाविद्यालयातून बसस्थानकाकडे जाताना वाटेत गावातले एकुलते एक चित्रपटगृह लागते. मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी असावे तसेच ते आहे. दर्शनी भिंतीवर काचेच्या तीन पेट्या आहेत. पहिलीवर ‘चालू खेळ’, दुसरीवर ‘शुक्रवारपासून’ आणि तिसरीवर ‘आगामी’ अशी अक्षरे रंगवलेली आहेत. पहिल्या पेटीपुढे तिकीट काढणारे उभे राहतात. तिसरीपुढे ज्यांच्या खिशात त्या दिवशी पैसे नाहीत असे आम्ही विद्यार्थी उभे राहतो.

गेल्या वर्षी या तिसऱ्या पेटीत एका मराठी चित्रपटाचे पोस्टर लागले. चित्रपटाची परीक्षणे चांगली आली होती आणि घरी आईनेही त्याविषयी ऐकले होते. पोस्टर तिसऱ्या पेटीतून दुसरीत आले, दुसरीतून पहिलीत आले. माझी चाचणी परीक्षा मंगळवारी संपली, म्हणून बुधवारी दुपारी मी आईला घेऊन गेलो, तर पहिल्या पेटीत भलत्याच चित्रपटाचे पोस्टर होते. आई काही बोलली नाही. पण तिने नेसलेली चांगली साडी पाहून मलाच वाईट वाटले. मी रागानेच व्यवस्थापकांकडे गेलो आणि विचारले, “काका, सिनेमा का काढला?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मी कुठे काढला? तू शुक्रवारी कुठे होतास, ते सांग.”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. परंतु त्यातून दुसरे प्रश्न निघाले. गावात कोणता चित्रपट येणार हे ठरवते कोण? तो किती दिवस राहणार हे कशावरून ठरते? आणि त्यात आपला, म्हणजे प्रेक्षकाचा, काही वाटा आहे की नाही? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा जमेल तेवढा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

१. जाहिरात आधी, चित्रपट मागाहून

भारतात चित्रपटांचा पहिला जाहीर खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. ल्युमिएर बंधूंच्या माणसाने आणलेली ती काही मिनिटांची हलती चित्रे होती, आणि त्यांचीही वर्तमानपत्रातून जाहिरात झाली होती. म्हणजे जे पाहायचे आहे त्याची आधी उत्सुकता निर्माण करायची ही रीत चित्रपटाबरोबरच आपल्याकडे आली.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला. फाळके यांच्या चरित्रकारांनी सुरतेची एक मौजेची हकिकत दिली आहे. तेथे पहिल्या दिवशी उत्पन्न अगदी थोडे झाले. नाटक दोन आण्यांत सहा तास चालते, मग दीड तासासाठी तीन आणे कोण देणार, असा तेथल्या माणसाचा रोकडा हिशेब होता. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि किंमत अवघी तीन आणे! त्यानंतर लोक लोटले.

या जाहिरातीला आपण फूटपट्टी लावून पाहू. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रे बसतात. सत्तावन्न हजारांना सोळाने भागले तर सुमारे साडेतीन हजार फूट होतात. मैलात मोजले तर पाऊण मैलही भरत नाही. तरीही सुरतकर फसले असे म्हणवत नाही. मोजमापाच्या भाषेत विचार करणाऱ्या गिऱ्हाइकाला फाळक्यांनी मोजमापाच्या भाषेत उत्तर दिले. आपल्या प्रेक्षकाला काय पटते ते ओळखणे, हे चित्रपट दाखवणाऱ्याच्या धंद्याचे मूळ सूत्र त्यात दिसते. पुढच्या विवेचनात ते उपयोगी पडेल.

२. पेट्यांचे दिवस

आमच्या चित्रपटगृहाचे जुने ऑपरेटर आता निवृत्त झाले आहेत. यंत्रकक्षातल्या कामाविषयी त्यांनी मला जे सांगितले त्याचा सारांश असा. चित्रपट पत्र्याच्या पेट्यांतून एस.टी.च्या टपावरून किंवा रेल्वेच्या पार्सलने येई. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे सरकत, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट फिल्म लागे. या हिशेबाने तीन तासांच्या चित्रपटाला सोळा हजार दोनशे फूट फिल्म हवी. हजार फुटांचे एक रीळ साधारण अकरा मिनिटे चाले. म्हणजे अशी सोळा-सतरा रिळे झाली. यंत्रे दोन असत. एकावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमके, आणि त्या खुणेवर ऑपरेटर दुसरे यंत्र चालू करी. प्रेक्षक गाण्यात रंगलेले असत आणि हा गृहस्थ त्या ठिपक्याकडे डोळे लावून उभा असे.

अशी एक प्रत काढायला पुष्कळ खर्च येई. म्हणून प्रती मोजक्याच निघत आणि त्या आधी मोठ्या शहरांकडे जात. शहरात पहिली फेरी, जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरी आणि तालुक्याला तिसरी, असा क्रम असे. व्यापारात शहरांना ‘ए’, मध्यम गावांना ‘बी’ आणि लहान गावांना ‘सी’ वर्गाची केंद्रे म्हणत. आमचे गाव ‘सी’ वर्गातले. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी मुंबईत लागला आणि तेथल्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. लहान गावांनी मात्र तो आपली पाळी येईल तेव्हा पाहिला. तोपर्यंत गाण्यांच्या तबकड्या लग्नाच्या मांडवात वाजून झालेल्या असत आणि औरंगाबादेहून सुट्टीला आलेला मुलगा कट्ट्यावर बसून सगळी गोष्ट सांगून गेलेला असे. गावापर्यंत पोचलेल्या प्रतीवर ओरखडे असत. रीळ तुटून जोडताना काही चित्रे गळत आणि नायक दारातून निघाला तो एकदम घोड्यावर दिसे.

ज्या गावांना चित्रपटगृहही नव्हते तेथे तंबूतले फिरते सिनेमे, म्हणजे टूरिंग टॉकीज, जत्रेच्या दिवसांत येत. या फिरत्या सिनेमांच्या अखेरच्या काळावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. मिळाल्यास तो प्रत्येकाने अवश्य पाहावा.

उशिरा येण्यात तोटा उघड होता, पण एक फायदाही होता. चित्रपट तालुक्याला येईपर्यंत त्याची परीक्षा झालेली असे. कोणत्या चित्रपटाला बायका गर्दी करतात, कोणता पहिल्या आठवड्यातच आडवा झाला, हे मालकाला माहीत असे. त्यावरून आपल्या गावात काय चालेल हे ठरवून तो वितरकाकडे मागणी नोंदवी. ‘आगामी’ची पेटी ही त्या काळी मालकाने केलेली निवड होती.

ही निवड गावाच्या पंचांगाप्रमाणे होई. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाला खेड्यांतून आलेली माणसे असत, म्हणून त्या आठवड्यात हाणामारीचा चित्रपट बरा. श्रावणात पौराणिक चित्रपट. कापसाचे पैसे हाती आले की मोठा चित्रपट. मार्चमध्ये परीक्षा, म्हणून जुनेच काहीतरी स्वस्तात. ‘शोले’च्याच वर्षी, १९७५ मध्ये, ‘जय संतोषी माँ’ हा थोडक्या खर्चातला चित्रपट आला आणि प्रचंड चालला. प्रेक्षक चप्पल बाहेर काढून आत जात आणि पडद्यावर फुले-पैसे उधळत. त्याच वर्षी दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ही आला. नुसत्या मुंबईच्या आकड्यांवर विसंबणाऱ्या मालकाला असल्या चित्रपटांचा अंदाज आला नसता. स्वतःचे गाव ओळखणाऱ्याला तो आला.

३. धंद्यातले निजामाचे राज्य

मालकाची ही निवड मोकळी मात्र नव्हती. चित्रपट कोणाकडून घ्यायचा हे आधीच ठरलेले असे, आणि येथे मला या अभ्यासातली सर्वांत नवलाची गोष्ट आढळली.

चित्रपटांच्या व्यापारासाठी देशाचे विभाग पाडलेले आहेत. निर्माता एकेका विभागाचे हक्क एकेका वितरकाला देतो. हे विभाग आजच्या राज्यांप्रमाणे नाहीत. ते स्वातंत्र्यापूर्वीच्या नकाशावरून पडलेले आहेत. मुंबई विभागात मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्राबरोबर गुजरात, सौराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाचा काही भाग येतो. विदर्भ ‘सी. पी. बेरार’मध्ये मोडतो. आणि मराठवाडा? तो ‘निजाम’ विभागात, तेलंगणाबरोबर.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. आम्ही दर वर्षी मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन करतो. पण ज्या कागदावर आमच्या गावच्या चित्रपटाचा करार लिहिला जातो, त्यावर विभागाच्या रकान्यात ‘निजाम’ हेच नाव असते! आमच्या प्राध्यापकांना मी हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “राजे जातात, त्यांचे जकातनाके राहतात.”

यात नुसती मौज नाही. एका मराठी भाषेचे तीन तुकडे तीन वेगवेगळ्या बाजारपेठांच्या कडेला जाऊन पडले. हैदराबादच्या व्यापाऱ्याच्या हिशेबात तेलुगू चित्रपट साहजिकच मोठा आणि मराठवाड्यातली तालुक्याची गावे विभागाच्या टोकाला. १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, त्यानंतर तो मान मराठी चित्रपटाला पुन्हा मिळाला तो पन्नास वर्षांनी, ‘श्वास’ला. मराठी चित्रपटांची संख्या कमी आणि त्यांची बाजारपेठ अशी विभागलेली. अशा धंद्यात सुवर्णपदक मिळाले तरी चित्रपट तालुक्याला पोचेलच अशी खात्री नसते.

४. आकाशातून येणारा चित्रपट

मधल्या काळात चित्रपटगृहांवर अनेक संकटे आली. १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आला, पाठोपाठ व्हिडिओ आला. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. पुढे केबल, मल्टिप्लेक्स आणि मोबाईल आले. करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये पडदे बंद झाले. महाराष्ट्रात ते नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेने उघडले, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा मिटले आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडले. या सर्वांत अनेक गावांची टॉकीज गोदामे किंवा मंगल कार्यालये झाली. आमचे टिकले, याचे श्रेय मालकांच्या चिकाटीला दिले पाहिजे.

परंतु ‘आगामी’च्या पेटीचा अर्थ ज्याने बदलला तो बदल फारसा कोणाच्या लक्षात आला नाही, कारण तो यंत्रकक्षात घडला. २००५ च्या सुमारास उपग्रहाद्वारे चित्रपट पाठवण्याची पद्धत भारतात सुरू झाली, आणि २०१० नंतरच्या चार-पाच वर्षांत फिल्मच्या प्रती जवळजवळ नाहीशा झाल्या. आता पेट्या येत नाहीत. चित्रपट संगणकात उतरतो आणि कुलूपबंद राहतो. जितक्या खेळांचा करार झाला असेल तितक्याच खेळांपुरते कुलूप उघडते.

याचा फायदा मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. ‘सी’ वर्गाचे गाव आता तिसऱ्या फेरीची वाट पाहत नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ मुंबई-पुण्यात लागला त्याच दिवशी तो लहान गावांतही लागला, आणि काही गावांत तर मध्यरात्रीनंतरचे जादा खेळ लावावे लागले. जुन्या पद्धतीत मध्यरात्रीच्या गर्दीसाठी प्रत कोठून आणली असती?

पण याची दुसरी बाजू अशी. चित्रपट सगळीकडे एकाच शुक्रवारी लागतो, म्हणून मालकाला आधी कसलाही अंदाज मिळत नाही. त्याने न पाहिलेला, कोणीच न पाहिलेला चित्रपट घ्यायचा. मोठ्या चित्रपटाचा वितरक म्हणतो, लावायचा तर चारही खेळ आमचेच. पुढचा मोठा चित्रपट हातचा जाऊ नये म्हणून एकपडदा चित्रपटगृहाचा मालक मान्य करतो. हा वाद २०१२ सालच्या दिवाळीत भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेला होता. अजय देवगण यांच्या संस्थेने यशराज फिल्म्सविरुद्ध तक्रार केली की, ‘एक था टायगर’ हवा असेल तर दिवाळीत ‘जब तक है जान’ही लावावा लागेल अशी अट एकपडदा चित्रपटगृहांना घातली गेली. आयोगाने ती तक्रार फेटाळली. निर्णय कायद्याच्या कसोटीवर झाला; परंतु एका पडद्याच्या मालकाला दोन बलाढ्यांमध्ये उभे राहावे लागते, एवढे त्यावरून समजले.

मराठी चित्रपटाची अडचण यातूनच निर्माण होते. २०१५ साली राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटासाठी दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत खेळ द्यायला सांगितले. ज्याच्याकडे चार-सहा पडदे आहेत त्याला एखादा खेळ देणे जमते. ज्याच्याकडे एकच पडदा आणि १२, ३, ६, ९ असे चारच खेळ आहेत, तो मराठी चित्रपटाला बाराचा खेळ देतो. बारा वाजता शेतकरी शेतात असतो, आई स्वयंपाकघरात असते आणि आपण तासाला असतो.

५. शुक्रवार ते रविवार

आता व्यवस्थापकांच्या प्रश्नाकडे वळू. चित्रपट टिकतो किंवा जातो तो कशावर? चित्रपटगृहाचा आणि वितरकाचा व्यवहार साधारण तीन प्रकारांनी होतो. चित्रपटगृह आठवड्याचे ठरावीक भाडे घेते. किंवा उत्पन्नाची टक्केवारीने वाटणी होते. किंवा मालक आधी हमीची रक्कम देतो आणि चित्रपट पडला तर नुकसान सोसतो. प्रकार कोणताही असो, रोज रात्री खेळवार तिकिटांचा तक्ता तयार होतो आणि वितरकाकडे जातो. त्याला धंद्यात डी. सी. आर. म्हणतात. पुढे ठेवण्यासाठी उत्पन्नाचा एक आकडा धरलेला असतो. त्याखाली उत्पन्न गेले की चित्रपट उतरतो. हा निकाल व्यवहारात पहिल्या तीन दिवसांतच लागतो. शुक्रवार, शनिवार, रविवार.

व्यवस्थापकांनी त्या मराठी चित्रपटाचा तक्ता मला दाखवला. शुक्रवारच्या खेळाच्या रकान्यातली तिकिटे हाताच्या बोटांवर मोजता येत होती. ते म्हणाले, “तुमच्या कॉलेजात मराठीचे मंडळ आहे म्हणतात. त्यातले दहा जण आले असते तर मी सोमवारी वितरकाशी भांडलो असतो. रिकाम्या खुर्च्या दाखवून कसा भांडू?”

मला वाटते, या अभ्यासाचे सार त्या वाक्यात आहे. पूर्वी ‘आगामी’ची पेटी मालक भरत असे आणि त्यासाठी तो गावाकडे पाहत असे. आता ती लांबून भरली जाते आणि गावाचे मत शुक्रवार ते रविवारच्या तक्त्यातूनच कळते. आपण बुधवारी जातो. चित्रपट चांगला आहे असे चार जणांकडून ऐकून मग जाण्याची आपली जुनी सवय प्रतींच्या काळातली आहे. तेव्हा ती शहाणपणाची होती. आज त्या सवयीने चांगला चित्रपट मरतो, कारण पहिल्या शुक्रवारी ‘चांगला आहे’ असे सांगायला कोणीतरी आत बसलेले असावे लागते.

तक्रार करून भागणार नाही, म्हणून मी दोन सूचना करतो. पहिली अशी की, आपल्या वाङ्मय मंडळाने ‘आगामी’च्या पेटीतल्या मराठी चित्रपटांची यादी सूचनाफलकावर लावावी आणि त्यांच्या पहिल्या शनिवारी जमतील तेवढ्यांनी एकत्र जावे. दुसरी सूचना मी व्यवस्थापकांना विचारूनच मांडत आहे. ठरावीक तिकिटांची हमी आधी दिली तर महिन्यातून एक सकाळचा खेळ ते मंडळाला द्यायला तयार आहेत. चित्रपट आपण सुचवायचा, आणायची खटपट ते करतील. असे काही नवे नाही. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले. त्यांचीही सुरुवात थोड्या माणसांनी मिळून एक चित्रपट मागवण्यापासूनच झाली.

हा लेख लिहून झाल्यावर काल संध्याकाळी मी पुन्हा त्या तिसऱ्या पेटीपुढे उभा राहिलो. एक नवे मराठी पोस्टर लागले आहे. खेळाची वेळ अर्थातच दुपारी बाराची आहे. आईला सांगून ठेवले आहे, या वेळी शुक्रवारी जायचे. त्या दिवशी माझे दोन तास बुडतील. ज्या प्राध्यापकांचे ते तास आहेत त्यांनी हा लेख वाचला असेल तर ते रागावणार नाहीत, आणि जमल्यास स्वतःही येतील, अशी आशा करतो.